रिचार्ज कुठे गेलं? दुकानदाराला नको, फोनलाच विचारा

देवगड तालुक्यातल्या एका लहानशा बाजारात माझं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान आहे. पहिली एसटी आली की गिऱ्हाईक सुरू होतं. त्यातलं निम्मं काही विकत घ्यायला येतच नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काउंटरवर ठेवून एक काकी म्हणतात, "बाबू, काल पैशे घातलंय, आज नेट खंय गेला? बघ मरे जरा." मी एक कोड दाबतो, वीस सेकंदांत उत्तर पडद्यावर येतं. नेट कुठे गेलेलं नसतं, दिवसाचा कोटा संपलेला असतो आणि रात्री बारानंतर तो पुन्हा मिळणार असतो. या वीस सेकंदांसाठी काकी सात किलोमीटर आलेल्या असतात. परतीची गाडी दुपारी.

हा लेख अशा माणसांसाठी आहे. कुणाच्या हातात मुलाने गणपतीत नवा फोन दिलाय, कुणी निवृत्त होऊन मुंबईहून गावी राहायला आलंय, कुणी पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर सिम घेतलंय. दुकानदाराने असं लिहिणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय, असं आमच्या शेजारचा चहावाला म्हणतो. पण खरं सांगायचं तर मी जे सांगतो तेही नेहमी बरोबर असतं असं नाही. पॅक महिन्या-दोन महिन्यांत बदलतात, आणि आम्हाला लक्षात राहतात ते जास्त खपणारे. तुमच्या खात्यात काय आहे ते तुमच्या फोनला जेवढं कळतं तेवढं मला कळत नाही.

सुरुवात वहीपासून

फोनमध्ये नको, कागदावर. फोन खाडीत पडला की फोनमधली नोंदही खाडीत. एका पानावर लिहा: नंबर, कंपनी, प्रीपेड की पोस्टपेड, सिम कुणाच्या नावावर, सिम कुठल्या सर्कलचं (म्हणजे दूरसंचाराच्या कुठल्या विभागातलं), शेवटचं रिचार्ज किती रुपयांचं आणि ते कुठल्या तारखेला संपतं.

यातल्या दोन गोष्टींवर लोक अडतात. पहिली, नाव. गावातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांची सिमं मुंबईतल्या मुलाच्या किंवा जावयाच्या आधारवर घेतलेली असतात. सगळं सुरळीत असताना याचं काही वाटत नाही. सिम हरवलं, दुसरं काढायचं झालं किंवा तक्रार करायची झाली की कंपनी ज्याच्या नावावर सिम आहे त्यालाच ओळखते, आणि तो असतो डोंबिवलीला. तुमच्या नावावर किती नंबर आहेत ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर दिसतं. तिथे मोबाइल नंबर टाकायचा, आलेला ओटीपी टाकायचा, की यादी समोर येते. आपल्याकडे एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम चालतात. यादीत अनोळखी नंबर दिसला तर तिथेच 'हा माझा नाही' असं कळवता येतं. मी एका सकाळी गंमत म्हणून स्वतःची यादी काढली, तर त्यात कधीकाळी मेहुण्याला घेऊन दिलेला एक नंबर निघाला. मेहुण्याने तो कधीच फेकून दिला होता.

दुसरी, सर्कल. दूरसंचाराच्या नकाशात मुंबई हे वेगळं सर्कल आहे. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. म्हणजे या नकाशात देवगडवाला पणजीवाल्याचा शेजारी आहे आणि दादरवाला परका. मुंबईत घेतलेलं सिम गावात व्यवस्थित चालतं, प्रश्न चालण्याचा नाही. पण काही ऑफर सर्कलप्रमाणे बदलतात. अ‍ॅपवरून रिचार्ज करताना सर्कल चुकीचं निवडलं तर दिसणारे पॅक तुमच्यासाठी नसतातच. चाकरमान्यांच्या सिमबाबत हा घोळ मी दर मे महिन्यात पाहतो.

नेट नसताना फोनला विचारायचं कसं

स्टार आणि हॅशमध्ये आकडे घालून जो कोड दाबतात तो इंटरनेटवर चालत नाही. त्याला बॅलन्स लागत नाही, बटणाच्या फोनवरही तो चालतो, रेंजची एखादी काडी पुरते. एअरटेलवर *१२१# दाबा, व्हीआयवर *१९९#. पडद्यावर क्रमांक घातलेली यादी येते. त्यातला बॅलन्स किंवा व्हॅलिडिटीचा आकडा टाइप करून पाठवायचा. उत्तर यायच्या आत दुसरं बटण दाबलं तर सगळं पुसलं जातं, तेव्हा हात आवरा.

जिओवर या पद्धतीचे कोड चालत नाहीत. तिथे १२९९ वर फोन लावायचा. तो आपोआप कटतो आणि थोड्या वेळात एसएमएस येतो, त्यात पॅकची मुदत आणि उरलेला डेटा. बीएसएनएलच्या सिमवरून १५०३ ला फोन करून विचारता येतं. कंपन्या हे कोड अधूनमधून बदलतात, म्हणून सिमच्या पाकिटावरचा किंवा रिचार्जनंतर आलेल्या मेसेजमधला कोड वहीत उतरवून ठेवा.

इथे एक सावधगिरी. कुणी फोन करून म्हणालं, "तुमचं सिम बंद होणार आहे, चालू ठेवायला *४०१* आणि पुढे हा नंबर दाबा," तर दाबू नका. तो कॉल वळवण्याचा कोड आहे. तुमचे फोन त्या माणसाकडे जायला लागतात, आणि बँकेचा ओटीपी फोनवर सांगितला जात असेल तर तोही. माहिती विचारायचा कोड लहान असतो, आणि त्यात कुणाचा दहा आकडी नंबर कधीच नसतो.

फोनमध्ये नेट असेल तर कंपनीचं अ‍ॅप सगळ्यात सोपं. मराठी भाषा मिळाली तर निवडा. उघडल्या उघडल्या जाहिरातींची जत्रा दिसते, ती ओलांडून 'माझा प्लॅन' किंवा 'वापर' असं काही लिहिलेलं असेल तिथे जा. मी काकींना सांगतो, देवळात जाताना वाटेतल्या दुकानांकडे बघत बसलात तर आरती चुकते, तसंच हे.

पॅक वाचायचा कसा

पॅक म्हटला की लोक दोन गोष्टी विचारतात: किती रुपये आणि रोजचं किती जीबी. मी आणखी तीन विचारायला लावतो.

मुदत किती दिवसांची? '१ महिना' असं आपण म्हणतो, पण बरेच पॅक २८ दिवसांचे असतात. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. यावर खूप ओरड झाल्यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला. त्यानुसार प्रत्येक कंपनीने निदान एक तरी ३० दिवसांचा आणि एक तरी दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येईल असा पॅक ठेवायचा आहे. हे पॅक असतात, पण दुकानाच्या भिंतीवरच्या पोस्टरवर क्वचित दिसतात. मागून घ्या. ज्यांची पेन्शन ठरावीक तारखेला जमा होते त्यांना त्याच तारखेचं रिचार्ज सोयीचं पडतं.

डेटा रोजचा की एकूण? रोजच्या कोट्यात आज उरलेलं उद्या मिळत नाही, मध्यरात्री हिशोब कोरा होतो. एकूण डेटाच्या पॅकमध्ये सगळा डेटा एकदम हातात येतो, मुदतीत हवा तसा वापरायचा. आमच्याकडे ट्रॉलरवर जाणारी मुलं येतात. ती आठ-आठ दिवस समुद्रात, किनाऱ्यापासून इतक्या लांब की रेंजचं नाव नाही. त्यांनी रोज २ जीबीचा पॅक घेतला तर आठ दिवसांचे १६ जीबी समुद्रात. त्यांना एकूण डेटाचा पॅक बरा. उलट १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मुलं घरी, दिवसभर रील्स. तेव्हा रोजच्या कोट्याचा पॅक परवडतो. माणूस एकच, फोन तोच, पण ऑगस्टचा पॅक आणि जूनचा पॅक वेगळा हवा. हे कुठलं अ‍ॅप तुम्हाला सांगणार नाही.

कोटा संपल्यावर काय होतं? 'अनलिमिटेड' हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो, त्याखालची ओळ बारीक. साधारणपणे ठरलेला डेटा संपला की नेट बंद पडत नाही, पण वेग ६४ केबीपीएससारखा रांगता होतो. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर कसाबसा जातो, फोटो जात नाही, आणि यूपीआयचं चाक फिरत राहतं. "पैसे कापले गेले का रे?" असं विचारत लोक घाबरून येतात ते याच वेळी. ट्रायने सप्टेंबर २०२० मध्ये कंपन्यांना बजावलं होतं की वापराची मर्यादा आणि ती ओलांडल्यावरचा वेग जाहिरातीत सांगायला हवा. सांगतात, पण भिंगातून वाचावं लागतं.

ज्यांना नेट नकोच, बटणाचा फोन आहे आणि फक्त बोलायचंय, त्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक मागावा. डिसेंबर २०२४ च्या ट्रायच्या दुरुस्तीनंतर असे पॅक ठेवणं कंपन्यांना भाग आहे, आणि अशा खास पॅकची मुदत आता ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. माझ्या स्वतःच्या आईच्या फोनवर वर्षानुवर्षं मी डेटाचा पॅक मारत होतो. तिच्या फोनला इंटरनेट नव्हतंच. दुकान माझं, कोड मला पाठ, आणि घरात हा उजेड.

आणखी एक: जुना पॅक संपायच्या आधी नवा मारला तर तो रांगेत उभा राहतो की लगेच सुरू होऊन जुन्याचे दिवस खातो? हे पॅकप्रमाणे वेगळं असतं, पैसे देण्याआधी विचारा. दर वाढणार अशी बातमी आली की लोक घाईने रिचार्ज करतात. जुलै २०२४ मध्ये तीन मोठ्या कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा माझ्या दुकानासमोर शिमग्यासारखी गर्दी होती. आधी मारलेला पॅक संपेपर्यंत वाढीव दर लागत नाही, त्यामुळे घाई अगदीच चुकीची नव्हती. पण रांगेचं न विचारता मारलेल्या काहींचे दिवस गेले.

माझ्यावर किंवा जाहिरातीवर विश्वास ठेवायचा नसेल तर ट्रायचं टॅरिफ पोर्टल बघा. कंपन्यांना आपले सगळे पॅक ट्रायकडे नोंदवावे लागतात आणि ते तिथे सर्कलप्रमाणे एकत्र दिसतात. इंग्रजी थोडं क्लिष्ट आहे, कॉलेजला जाणारं नातवंड शेजारी बसवा.

वापर मोजणं

कोट्याच्या ५० टक्के, ९० टक्के आणि १०० टक्क्यांवर कंपनीने मेसेज पाठवायचा असा नियम आहे. मेसेज येतात, पण जाहिरातींच्या गर्दीत हरवतात. आता एक सोय झालीय: मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी छोटी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर असतं. पी असेल तर जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. पीवाले बिनधास्त पुसा, एस आणि टीवाले वाचल्याशिवाय नको.

फोनचा स्वतःचाही मीटर असतो. सेटिंग्जमध्ये डेटा वापर शोधा, कुठल्या अ‍ॅपने किती खाल्लं त्याची यादी मिळते. कंपनीच्या आणि फोनच्या आकड्यात थोडाफार फरक असतो, कारण दोघांचे मोजण्याचे दिवस आणि वेळा जुळत नाहीत. त्यावरून भांडण काढू नका. फरक दुपटीचा असेल तर मात्र विचारा.

बहुतेक वेळा चोर घरातलाच असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप उतरणारे व्हिडिओ पहिले. गणपतीच्या दिवसांत वाडीच्या ग्रुपवर प्रत्येक घरातल्या आरतीचा व्हिडिओ येतो, आणि तो न बघता तुमचा डेटा जातो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'मोबाइल डेटावर आपोआप डाउनलोड' यातल्या सगळ्या खुणा काढून टाका. दुसरा चोर अ‍ॅपचे अपडेट, ते फक्त वायफायवर ठेवा. तिसरा हॉटस्पॉट. मुंबईहून आलेला भाचा "मामा, जरा हॉटस्पॉट चालू कर" म्हणतो आणि मागच्या पडवीत क्रिकेट बघत बसतो. हॉटस्पॉट बंद करायला सांगणं नात्यात अवघड जातं, हे मान्य.

नेट मुळातच नको असेल तर ते कंपनीकडूनच बंद करता येतं: १९२५ वर इंग्रजी अक्षरांत 'स्टॉप' असा एसएमएस करा. परत हवं झालं तर तिथेच 'स्टार्ट'.

न मागितलेल्या सेवा

पाच-सहा वर्षांपूर्वी वडिलांच्या फोनवर दर महिन्याला काही रुपये कमी व्हायचे. रिचार्ज मीच करत होतो, पण त्यांच्या खात्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं. नंतर कळलं, कॉलर ट्यून लागली होती. त्यांना ऐकू कमी येतं. पडद्यावर काहीतरी आलं, त्यांनी 'ओके' दाबलं असावं, आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला एक गाणं ऐकू येत होतं ज्याचा वडिलांना पत्ताच नव्हता. कंपनीच्या माणसाने "तुम्हीच चालू केलंत" एवढंच सांगितलं.

अशा सेवा चालू करताना ग्राहकाची दोनदा संमती घ्यायची असा ट्रायचा २०१३ चा निर्देश आहे. बंद करायला सगळ्या कंपन्यांसाठी एकच फुकट नंबर आहे, १५५२२३. त्यावर इंग्रजीत 'स्टॉप' असा एसएमएस करा किंवा फोन लावा. तुमच्या नंबरवर कुठल्या सेवा चालू आहेत ते सांगितलं जातं, नको ती बंद करता येते. वडिलांची कॉलर ट्यून तशीच गेली. एका शेजाऱ्याने नंतर विचारलं, "गाणं का काढलंत? चांगलं होतं."

पैसे नेमके कशात गेले हे कळत नसेल तर प्रीपेड ग्राहकही तपशीलवार हिशोब मागू शकतो. हे फार थोड्यांना ठाऊक आहे. पोस्टपेडला बिल येतं, प्रीपेडला काही नाही, असाच समज आहे. पण २०१२ च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार मागच्या सहा महिन्यांतल्या वापराचा तपशील मागता येतो, आणि त्यासाठी कंपनी ५० रुपयांहून जास्त घेऊ शकत नाही. काउंटरवरच्या मुलाला हे माहीत नसेल, तर नियमाचं वर्ष सांगा आणि अर्ज लेखी द्या.

रेंज बघून सिम घ्या

गावी नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी हे खरं तर पहिलं. कोकणात रेंज पॅकवर ठरत नाही, चढ-उतारावर ठरते. सड्यावर कातळात उभे राहिलात तर चार काड्या, खाली वाडीत माडाच्या आगरात आलात की फोन मुका. एकाच घराच्या पडवीत एक कंपनी चालते आणि माजघरात दुसरी. आता कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर टूजी, फोरजी, फाइव्हजी कुठे मिळतं याचा नकाशा द्यावा लागतो. तो आधी बघा, आणि मग शेजाऱ्याच्या घरात जाऊन त्याच्या फोनवरून दोन मिनिटं बोलून बघा. माझा भर दुसऱ्यावर जास्त आहे.

वादळात सगळंच झोपतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दापोलीकडे, मे २०२१ च्या तौक्तेने आमच्याकडे आणि त्याच वर्षी २२ जुलैच्या पुराने चिपळूणला काय केलं ते सांगायला नको. दिवसच्या दिवस फोन बंद, आणि पॅकची मुदत मात्र पळतेय. २०२४ च्या नव्या सेवा-दर्जाच्या नियमांनी यात थोडा बदल झालाय. जिल्ह्याच्या पातळीवरचा मोठा बिघाड २४ तासांहून जास्त चालला तर त्या जिल्ह्यात नोंद असलेल्या पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ द्यायची आहे. फक्त तुमच्या वाडीचा टॉवर बंद पडला तर हा नियम लागत नाही. 'नोंद असलेल्या' हा शब्दही लक्षात ठेवा, मुंबईचं सिम इथे वापरणाऱ्यांनी तर नक्कीच. रेंज कधी गेली, कधी आली, ते तारखेसह वहीत टिपा.

बंद घरातला फोन

चाकरमानी गणपती करून जातात आणि जुना फोन देव्हाऱ्याशेजारी ठेवून जातात, "पुढच्या वर्षी लागेल" म्हणून. दोन गोष्टींत गल्लत होते. पॅकची मुदत संपली की आधी जाणारे आणि काही दिवसांनी येणारे कॉल बंद होतात. नंबर मात्र लगेच तुमचा जात नाही. ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी प्रीपेड नंबर बंद करू शकते. खात्यात निदान २० रुपये मुख्य बॅलन्स असेल तर ते कापून मुदत ३० दिवसांनी वाढते, आणि बॅलन्स आहे तोवर हे असंच चालतं. पुढे तो नंबर दुसऱ्याला मिळतो. बँकखात्याला तोच जोडलेला असेल तर तुमचे ओटीपी कुणा अनोळखी माणसाला. म्हणून नंबर सोडायचा असेल तर आधी बँक, गॅस आणि आधारमधून तो बदला, मग फोन देव्हाऱ्याशेजारी ठेवा.

कंपनी बदलायची तर

नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. इंग्रजीत 'पोर्ट', मग एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा एसएमएस १९०० वर. पॅकमध्ये एसएमएस नसला तरी हा जायला हवा, तसं ट्रायने डिसेंबर २०२१ मध्ये कंपन्यांना सांगितलंय. उत्तरात आठ अक्षरा-आकड्यांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. तो आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीकडे जा. त्याच सर्कलमध्ये बदल असेल तर साधारण तीन कामाचे दिवस लागतात, मुंबईचं महाराष्ट्र करायचं असेल तर पाच. जुन्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत, थकबाकी नको, आणि सिम नुकतंच बदललेलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. जुना पॅक उरलेला असेल तर तो गेला असं समजा, म्हणून तो संपत आला की मगच हे काम काढा.

ऐकत नसतील तर

आधी कंपनीच्या तक्रार क्रमांकावर, एअरटेल, जिओ, व्हीआयसाठी १९८. मशीनशी बोलून झाल्यावर माणूस येतो. बोलणं संपायच्या आत डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागा, तो मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. "आम्ही नोंद घेतलीय" म्हणजे तक्रार नव्हे. निकाल पटला नाही किंवा वेळेत आलाच नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. पैसे लागत नाहीत, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. बरेच लोक थेट ट्रायला पत्र लिहितात. ट्राय नियम करते, एकेका माणसाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही, तेव्हा ते पत्र फिरून कंपनीकडेच येतं.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही सांगता येतं. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोबाइलच्या तक्रारी तिथे चालतात की नाही यावर बरीच वर्षं वाद होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालतात असा निकाल दिला. सेवेसाठी मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर दाखल करायला शुल्क नाही, म्हणजे रिचार्जचं कुठलंही प्रकरण फुकटात दाखल होतं, आणि घरबसल्या ऑनलाइनही करता येतं. वकील लागतोच असं नाही. लागते ती वही: तारीख, रक्कम, डॉकेट नंबर, आलेल्या मेसेजचे फोटो. मेसेज पुसले जातात, म्हणून त्यांची छापील प्रत काढून ठेवा. आयोगात देताना झेरॉक्स द्या, मूळ कागद घरी. झेरॉक्स माझ्याकडे दोन रुपये, दोन्ही बाजूंची तीन.